आमच्या कॉलनीचा नियम क्रमांक चार

मंडळी, गेल्या दोन महिन्यांपासून आमच्या घरात डुकरावर चर्चा चालू आहे. सकाळी पोह्यांबरोबर, रात्री वरणभाताबरोबर. आजीला जेवताना हा शब्द चालत नाही, म्हणून तिच्यासमोर आम्ही त्याला नुसतं 'तो विषय' म्हणतो.

सुरुवात एका व्हिडिओ कॉलनं झाली. माझी मावसबहीण, आमची ताई, बरीच वर्षं अमेरिकेत सिअ‍ॅटलला असते. रविवारी सकाळी आमचा चहा आणि त्यांचं शनिवारचं रात्रीचं जेवण अशी वेळ जुळते. त्या दिवशी तिचा दहा वर्षांचा मुलगा म्हणाला, "मामा, सरप्राइज!" आणि त्यानं फोन जमिनीकडे वळवला. गालिच्यावर एक काळं, गुबगुबीत जनावर आडवं पडलं होतं आणि स्वतःचं पोट खाजवून घेत होतं.

आजीनं चष्मा सावरला. "कुत्रं आणलंत का रे?"

"नाही पणजीआजी, पिग आहे. ह्याचं नाव बटाटा."

"शिव शिव शिव! गालिच्यावर?" असं म्हणून आजी उठली आणि चक्क हात धुवायला गेली. फोन माझ्या हातात होता, हे तिला नंतर सांगितलं.

योगायोग असा, की त्याच आठवड्यात आमच्या कॉलनीत 'पाळीव प्राणी नियमावली' तयार करायचं ठरलं होतं. आम्ही अन्नपूर्णा रोडच्या आतल्या एका कॉलनीत राहतो. दारात चार हत्ती असलेलं अन्नपूर्णा मंदिर आमच्यापासून चालत दहा मिनिटांवर आहे. साठेक घरं, दोन छोट्या इमारती आणि एक बाग, एवढाच आमचा पसारा. एकाच्या लॅब्राडोरनं बागेत घाण केली, दुसऱ्याच्या कोंबड्यांनी तिसऱ्याची मेथी उकरली आणि प्रकरण समितीपर्यंत गेलं. अध्यक्षकाकांनी हातानं लिहिलेला कागद माझ्याकडे दिला. "तू कॉम्प्युटरवाला, तूच टाइप करून दे." बीई झाल्याचा हा एक फायदा आहे. कॉलनीत प्रिंटर बिघडला तरी मलाच बोलावतात.

कागदावरचा नियम क्रमांक चार असा होता: 'कॉलनीत डुक्कर, कोंबडी, बकरी, गाय, म्हैस पाळण्यास सक्त मनाई आहे. डुक्कर दिसल्यास ताबडतोब समितीस कळवावे.'

मी दोन मिनिटांत टाइप करून टाकला. काहीच खटकलं नाही.

पुढच्या रविवारी भाच्यानं विचारलं, "मामा, आम्ही डिसेंबरमध्ये इंदूरला येणार. बटाट्याला आणू?"

"नाही रे बाळा. इथे चालत नाही."

"का? रूल काय आहे तुमचा?"

मी नोकरीत दिवसभर हेच करतो. ग्राहकानं एखादी गोष्ट मागितली की आधी विचारतो, हे कशासाठी हवं आहे, नक्की अडचण काय आहे. इथे मी स्वतः टाइप केलेल्या नियमाचं कारण मला सांगता येईना. 'घाण असतं' एवढंच तोंडावर आलं, आणि समोर तर ते गालिच्यावर लोळत होतं.

सिअ‍ॅटलमध्ये काय चालतं

आधी त्यांचा नियम पाहिला. सिअ‍ॅटल शहराच्या जमीनवापराच्या नियमांत पाळीव डुकराची तरतूद आहे. शेतावरचं मोठं डुक्कर नव्हे, तर लटकत्या पोटाची छोटी व्हिएतनामी जात. खांद्यापाशी उंची २२ इंचांहून जास्त नको, वजन १५० पौंडांहून, म्हणजे साधारण ६८ किलोंहून जास्त नको, आणि एका घरी एकच. कुत्र्यामांजरांसारखा त्याचाही शहराकडून परवाना काढावा लागतो. अमेरिकेतल्या कितीतरी गावांत असा नियम मागण्यासाठी लोक नगर परिषदेसमोर उभे राहतात. कुठे मिळतो, कुठे नाही. न्यू यॉर्क शहरात आजही घरात डुक्कर पाळता येत नाही.

ही जात १९८० च्या दशकात उत्तर अमेरिकेत आली, तीही प्राणिसंग्रहालयांसाठी. मग हौशी लोकांनी घरी नेली. विकणारे 'कपात मावणारं डुक्कर' म्हणून पिल्लू देतात. पण कपात मावणारी डुकराची कोणतीही जात अस्तित्वात नाही. पिल्लू सगळ्यांचंच लहान असतं. दोनतीन वर्षांत ते पन्नास-साठ किलोंचं होतं, फ्रिज उघडायला शिकतं, बाग नांगरून ठेवतं आणि पंधरा वर्षं जगतं. मग मालक हात वर करतात आणि डुक्कर निवाऱ्यात जातं. ताईनंही कबूल केलं, की बटाट्याला आणण्याआधी पूर्ण वाढलेलं डुक्कर पाहून या असं त्यांना कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

हुशारीबद्दल मात्र शंका नको. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२१ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात चार डुकरं थुंकणीनं, म्हणजे नाकाच्या पुढच्या भागानं, जॉयस्टिक हलवून पडद्यावरचा ठिपका हवा तिथे नेत होती. त्यातल्या दोघांची नावं हॅम्लेट आणि ऑम्लेट होती. आणि चिखलाचं म्हणाल, तर डुकराला घाम जवळजवळ येत नाही. अंग थंड ठेवायला त्याला ओलावा लागतो. स्वच्छ पाणी मिळालं तर ते पाण्यात बसतं, नाहीतर नाल्यात. नाला त्यानं निवडलेला नसतो, आपण बनवलेला असतो.

डुक्कर दिवाणखान्यात

शहरात कुठे काय असावं, घरं कुठे, कारखाने कुठे, गोठे कुठे, हे ठरवण्याला झोनिंग म्हणतात. आपल्याकडे हेच काम विकास आराखडा करतो. झोनिंगला अमेरिकेत कायदेशीर बळ मिळालं ते १९२६ च्या युक्लिड गावाच्या खटल्यात. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती जॉर्ज सदरलँड यांनी निकालात नेमकं डुकराचंच उदाहरण दिलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की उपद्रव म्हणजे वाईटच वस्तू असेल असं नाही. योग्य वस्तू चुकीच्या जागी असली तरी उपद्रव होतो, जसं गोठ्याऐवजी दिवाणखान्यात आलेलं डुक्कर.

शंभर वर्षांनंतर बटाटा दिवाणखान्यात आहे, परवान्यासह. जागा चुकीची की बरोबर, हे तिथल्या लोकांनी पुन्हा ठरवलं.

आपल्याकडचा जुना कायदा शोधताना मला मुंबई महापालिकेच्या १८८८ च्या कायद्यातलं कलम ३८४ सापडलं आणि ते वाचून मी थक्क झालो. त्यात तीन गोष्टी आहेत. एक, आयुक्तांच्या लेखी परवानगीशिवाय डुक्कर पाळायचं नाही. दोन, कोणताही प्राणी असा पाळायचा नाही की दुसऱ्याला उपद्रव किंवा धोका होईल. तीन, कोणत्याही प्राण्याला विष्ठा, शेण, तबेल्यातला कचरा असली घाण खाऊ घालायची नाही किंवा खाऊ द्यायची नाही.

नीट पाहा. पहिला मुद्दा प्राण्याचं नाव बघतो. दुसरा आणि तिसरा बघतात ते माणसाचं वागणं. आणि पहिल्या मुद्द्यातही सरसकट बंदी नाही, परवानगीची अट आहे. दीडशे वर्षांपूर्वीच्या इंग्रजी अमलातल्या कारकुनानं जेवढा विचार केला होता, तेवढाही आमच्या नियम क्रमांक चारमध्ये नव्हता.

हे आजीला सांगितलं. ती म्हणाली, "कायद्याचं मला सांगू नकोस. डुक्कर ते डुक्कर." मग मी तिला विदिशाची आठवण दिली. काही वर्षांपूर्वी सांची बघून आम्ही उदयगिरीला गेलो होतो. तिथल्या पाचव्या गुंफेत गुप्तकाळातला प्रचंड वराह आहे, दातावर पृथ्वीला उचलून उभा. आजीनं चपला काढून, हात जोडून नमस्कार केला होता.

"तो वराह," आजी म्हणाली. "हे डुक्कर."

आमच्या मागचा नाला

आता जी गोष्ट सांगायची आहे, ती मी घरात कधी सांगितली नव्हती.

माझ्या लहानपणी, म्हणजे नव्वदीच्या दशकाच्या शेवटी, आमच्या कॉलनीमागे नाला होता आणि नाल्यापलीकडे एक वस्ती. तिथली काही घरं डुकरं पाळायची. डुकरं दिवसभर नाल्यात आणि उकिरड्यावर चरायची, संध्याकाळी हाकेसरशी घरी जायची. कॉलनीतला सगळा ओला कचरा तेव्हा नाल्याच्या काठीच जायचा. भाजीचे देठ, शिळी पोळी, लग्नातल्या पत्रावळी. आम्ही टाकत होतो, ती खात होती. पावसाळ्यात ती रस्त्यावर यायची तेव्हा काका मंडळी काठ्या घेऊन धावायची.

त्या वस्तीतला एक मुलगा चौथीपासून माझ्या वर्गात होता. गणितात माझ्यापेक्षा पुढे. त्याच्या वडिलांची चौदा डुकरं होती. हा आकडा मला आठवतो, कारण त्यानं एकदा वर्गात अभिमानानं सांगितला होता, जसं कुणी आमच्याकडे दोन गाड्या आहेत असं सांगतं. त्या दिवसापासून त्याचं नाव गेलं. मुलं त्याला 'सूअर' म्हणू लागली. तो डबा उघडायचा तेव्हा कुणीतरी नाकानं तसा आवाज काढायचं.

आवाज काढणाऱ्यांत मीही होतो. मी तो चांगला काढायचो, म्हणून मला आग्रह व्हायचा.

आठवीत तो शाळेत यायचा बंद झाला. कुणी विचारलं नाही, मीही नाही.

२०१४ साली मी पुण्यात नोकरीला होतो. मित्रांबरोबर नागराज मंजुळे यांचा 'फँड्री' बघायला गेलो. ज्यांनी पाहिला आहे त्यांना सांगायला नको. कैकाडी कुटुंबातला मुलगा, गावातली डुकरं पकडायचं काम त्याच्या घरावर येतं आणि ते त्याला सगळ्या शाळेदेखत करावं लागतं. कैकाडी भाषेत फँड्री म्हणजे डुक्कर. सिनेमा संपल्यावर सगळे शेवटच्या दगडाबद्दल बोलत होते. मला मात्र प्रेक्षक म्हणून हसणारी ती शाळेतली पोरं आठवत राहिली. त्यातला एक मी होतो. रूमवर येऊन मी कुणाशी बोललो नाही. पण त्या वर्गमित्राला शोधलंही नाही.

इंदूर स्वच्छ झालं तेव्हा

मी २०१९ मध्ये परत आलो तेव्हा नाल्याकाठी ना उकिरडा होता, ना डुकरं. हे कसं झालं ते आपल्याला माहीतच आहे, आणि त्याचा आपल्याला अभिमानही आहे. २०१६ च्या स्वच्छ सर्वेक्षणात इंदूर २५ व्या क्रमांकावर होतं. २०१७ मध्ये ४३४ शहरांत पहिलं आलं आणि मग पहिलंच येत राहिलं. रस्त्यावरच्या कचरापेट्या गेल्या, घरोघरी गाडी येऊ लागली, ओला आणि सुका कचरा वेगळा झाला. मोकाट गुरं आणि डुकरं शहराबाहेर काढली गेली. १९ फेब्रुवारी २०२२ ला देवगुराडियाच्या बायो-सीएनजी प्रकल्पाचं उद्घाटन झालं. रोज ५५० टन ओल्या कचऱ्यापासून गॅस करण्याची त्याची क्षमता आहे. त्या गॅसवर शहरातल्या बसगाड्या चालतात.

थोडक्यात, नाल्याकाठची डुकरं जे काम करत होती ते आता देवगुराडियाला होतं, आणि ते हजारपट चांगलं होतं. यात मला तक्रारीला जागा दिसत नाही.

डुकरं जाणं गरजेचंही होतं. घाणीवर चरणाऱ्या डुकराचे धोके खरे आहेत. उघड्यावरच्या मानवी विष्ठेतून पट्टकृमीची अंडी डुकराच्या पोटात जातात, त्याच्या मांसातून कृमी पुन्हा माणसात येतो. तीच अंडी न धुतलेल्या हातातून किंवा भाजीतून माणसाच्या पोटात गेली, तर अळ्या मेंदूपर्यंत पोचतात. आपल्या देशात फिट येण्यामागचं हे एक मोठं कारण आहे. जपानी मेंदूज्वराचा विषाणू डुकराच्या शरीरात वाढतो आणि डासांमार्फत माणसाला गाठतो. २०२२ च्या ऑगस्टमध्ये आपल्याच राज्यात, रीव्यात, आफ्रिकन स्वाइन फीवरनं डुकरं पटापट मेली. हा रोग माणसाला होत नाही, पण ज्याची डुकरं मरतात तो माणूस मात्र उद्ध्वस्त होतो.

यातली एक गोष्ट मला लक्षात घ्यावीशी वाटते. पट्टकृमीचं चक्र डुक्कर सुरू करत नाही. ते उघड्यावरच्या शौचापासून सुरू होतं. बंदिस्त, स्वच्छ जागेत धान्य आणि भाजी खाणाऱ्या डुकराकडून हा धोका जवळजवळ राहत नाही. म्हणजे परत कलम ३८४ चा तिसरा मुद्दा. काय पाळता यापेक्षा काय खाऊ घालता हे बघा.

दुसरी गोष्ट मुंबईची. तिथले म्हशींचे गोठे शहरातून हलवायचे ठरले तेव्हा सरकारनं १९४९ मध्ये गोरेगावला आरे वसाहत उभी केली. जमीन, गोठे, दूध गोळा करायची सोय, सगळं दिलं. म्हशी गेल्या, पण म्हशीवाल्यांचा धंदा त्यांच्याबरोबर गेला नाही, तो दुसऱ्या जागी चालू राहिला. आमच्या मागच्या वस्तीच्या वाट्याला आरे आलं नाही.

गुमाश्ता नगरच्या पुढे

नियम क्रमांक चार टाइप करून झाल्यावर आणि भाच्याच्या प्रश्नावर अडकल्यावर मी ठरवलं, की ज्याला हे खरं माहीत आहे त्याला विचारायचं. आमच्या जुन्या दूधवाल्याकडून पत्ता मिळाला. तो वर्गमित्र आता लोडिंग रिक्षा चालवतो. दोन मुलं आहेत. एका रविवारी मी त्याच्याकडे गेलो. त्यानं मला लगेच ओळखलं, मला वाटलं होतं त्यापेक्षा लवकर.

चहा झाला. मी कॉलनीच्या नियमाचं सांगितलं, बटाट्याचा फोटो दाखवला. तो इतका हसला की त्याची बायको बाहेर आली. "पलंग पे सोता है?" त्यानं दोनदा विचारलं. मग फोटो मोठा करून पाहिला आणि म्हणाला, ह्याची खुरं वाढली आहेत, तासायला सांग बहिणीला, नाहीतर लंगडेल. मी ताईला तसंच कळवलं. खुरं खरंच वाढली होती.

त्याच्या वडिलांनी मोहीम सुरू व्हायच्या आधीच चौदाच्या चौदा विकली होती. ओळखीच्यांकडून ऐकून ते घाबरले आणि एका रात्रीत मिळेल त्या भावाला देऊन टाकली. डुक्कर म्हणजे त्यांची बँक होती. मुलीचं लग्न आलं की दोन विकायची, आजारपण आलं की एक. बँक बंद झाली. वडील मग सफाईच्या कामाला लागले.

मला वाटलं होतं तो चिडलेला असेल. मी विचारलं, परत पाळायला मिळाली तर पाळशील? तो जराही न थांबता नाही म्हणाला. "भिया, मेरे बच्चों को कोई उस नाम से नहीं बुलाता. बस." थोड्या वेळानं म्हणाला, की वडिलांना मात्र कुणी गावाबाहेर थोडी जागा दिली असती, पाण्याची सोय दिली असती, तर त्यांनी बंद वाडा बांधला असता. त्यांना नाला आवडत होता असं नाही, पण त्यांच्याकडे जागा तेवढीच होती.

निघताना मी शाळेतल्या त्या आवाजाबद्दल बोललो. तीन वाक्यं घरून पाठ करून गेलो होतो, त्यातलं दीड बोललो. तो म्हणाला, "छोड ना." सोडलं असं त्याच्या चेहऱ्यावर दिसलं नाही. पण त्यानं मला गुमाश्ता नगरच्या वळणापर्यंत सोडायला रिक्षा काढली.

नियम पुन्हा लिहिला

घरी आल्यावर मी ती फाइल पुन्हा उघडली. आमच्या कामात दोन पद्धती असतात. एक, नावांची यादी करून अडवायचं: हा नको, तो नको. दुसरी, वागणं तपासायचं: काय केलं तर अडवायचं ते लिहायचं. पहिली पद्धत सोपी असते आणि नेहमी फसते, कारण यादीत नसलेला कुणीतरी येतोच, आणि यादीतला निरुपद्रवी माणूस दारात अडकतो.

मसुद्यात इतरही घोळ होते. नियम सातमध्ये कुत्र्यांना लिफ्टबंदी होती, नियम नऊमध्ये समितीच्या बहुमतानं पाळीव प्राणी हटवायचा अधिकार. भारतीय जीवजंतु कल्याण मंडळाच्या २६ फेब्रुवारी २०१५ च्या परिपत्रकात स्पष्ट म्हटलं आहे, की रहिवासी संघटनांना बहुमतानंसुद्धा पाळीव प्राण्यांवर बंदी घालता येत नाही, लिफ्ट नाकारता येत नाही. त्याचबरोबर मालकानं घाण उचलावी, इतरांना त्रास होऊ देऊ नये, असंही मंडळ सांगतं. ते दोन्ही नियम काढावे लागले. लॅब्राडोरवाले खूश झाले. मग त्यांना घाण उचलायची पिशवी सक्तीची झाली, तेव्हा थोडे कमी खूश झाले.

नवा नियम क्रमांक चार असा आहे:

'प्राणी कोणताही असो. (१) महापालिकेची नोंदणी किंवा परवानगी लागत असेल तर ती आधी घ्यावी. (२) प्राण्याला बंदिस्त, कोरडी आणि त्याच्या पूर्ण वाढीला पुरेल एवढी जागा असावी. (३) त्याची विष्ठा रोज उचलली जावी, नाल्यात किंवा बागेत जाऊ नये. (४) लसीकरण आणि डॉक्टरांची तपासणी वेळेवर व्हावी. (५) शेजाऱ्याची तक्रार आल्यास समितीनं आधी जागा पाहावी, मग बोलावं. (६) प्राण्यावरून कोणत्याही माणसाला, मुलाला किंवा कामासाठी येणाऱ्याला नाव ठेवू नये.'

सहावा मुद्दा नियमावलीत बसत नाही, असं अध्यक्षकाका म्हणाले. मी म्हटलं, काका, बाकीचे पाच काढा हवं तर, हा राहू द्या. बैठकीत यावर पाऊण तास गेला. शेवटी एका काकूंनी मध्यममार्ग सुचवला, की सहावा मुद्दा प्रास्ताविकात घ्यावा. तिथे तो आता आहे, ठळक अक्षरात. प्रिंटर मीच दुरुस्त केला, त्यामुळे अक्षरं किती ठळक ते माझ्या हातात होतं.

याचा अर्थ उद्या अन्नपूर्णात घरोघरी डुकरं येतील असा नाही. पालिकेच्या परवानगीचा पहिला मुद्दा आहेच, आणि ज्या शहरानं एवढ्या कष्टानं नाले साफ केले त्या शहरानं परवानगीबाबत कडक असावं, असं माझंही मत आहे. फ्लॅटमध्ये साठ किलोंचं डुक्कर ठेवणं मला त्या डुकरावरच अन्याय वाटतो. पण नाकारायचं असेल तर जागा नाही, सोय नाही, डॉक्टर नाही, असं कारण सांगून नाकारू या. 'डुक्कर आहे म्हणून' हे कारण नव्हे. कारण ते वाक्य डुकरापाशी थांबत नाही. माझ्या वर्गात ते थांबलं नव्हतं.

पॅट्रिक गेडिस नावाचे स्कॉटिश नगररचनाकार होळकर दरबाराच्या बोलावण्यावरून इंदूरला आले होते. १९१८ साली त्यांचा दोन खंडांचा अहवाल निघाला. प्लेगच्या त्या दिवसांत त्यांनी दिवाळीची मिरवणूक ज्या गल्ल्या सर्वांत स्वच्छ झाल्या असतील तिथूनच काढली. मिरवणुकीत प्लेगच्या उंदराचा मोठा पुतळा होता. दंड करायच्या आधी त्यांनी लोकांना कारण समजावलं, आणि गल्ल्या झाडल्या गेल्या. शंभर वर्षांनी आपण पहिला क्रमांक मिळवला, त्याची एक जुनी मुळी इथे आहे असं मला वाटतं.

मंडळी, आपल्यापैकी बरेच जण आता कुठल्या ना कुठल्या सोसायटीच्या समितीवर आहेत. काही इंदूरला, काही पुण्याला, काही साता समुद्रापार. आपल्या सोसायटीची नियमावली एकदा काढून वाचा. ज्या नियमाचं कारण दहा वर्षांच्या मुलाला सांगता येत नाही, त्यावर पेन्सिलीनं खूण करा.

भाच्याला मी अखेर उत्तर दिलं. बटाट्याचा प्रवास त्याला झेपणार नाही, इथे त्याला बसायला थंड जागा नाही आणि मेपर्यंत राहिलास तर इंदूरचं ऊन त्याला सोसणार नाही. त्यानं विचार केला आणि म्हणाला, "ओके. ते फेअर आहे."

डिसेंबरमध्ये ते बटाट्याशिवाय येणार आहेत. त्या रविवारी माझा वर्गमित्रही मुलांना घेऊन पोह्यांना येतो म्हणाला आहे. खुरं कशी तासायची ते तो भाच्याला दाखवणार आहे. आजीला मी हे सांगितलं. ती थोडा वेळ गप्प बसली, मग म्हणाली, "पोहे जास्त भिजव हो. आणि जेवताना तो विषय नको."